मधल्या भोकापाशी शांत

बादलीतलं पाणी थरथरत होतं. नुसतं हललं असतं तर मी लक्ष दिलं नसतं. नळाचा थेंब पडतो, दार आपटतं, पाणी हलतं. हे तसं नव्हतं. पाण्यावर बारीक रेघा उभ्या राहिल्या होत्या, काठापासून मधेपर्यंत, आणि जागच्या जागी कापत होत्या. मी संडासात बसले होते. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि लाजले तर पुढचं सांगताच येणार नाही. टेस्ट हॉलमधला बायकांचा संडास हॉलच्या पार टोकाला आहे. मी या कंपनीत लागले तेव्हा बायकांची सोय नव्हती, कारण बाईच नव्हती. मग भट्टीच्या शेवटच्या भिंतीला चिकटून रंगाचे डबे ठेवायची एक कोठी होती, तिच्यात भांडं बसवून दिलं आणि वर उपकार केल्यासारखी कडीही लावून दिली. पुरुषांचा संडास कंट्रोल रूमशेजारी, आरसा असलेला. त्यामुळे भट्टी पेटलेली असताना तिच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून बसणारं माणूस या अख्ख्या कारखान्यात एकच, ते म्हणजे मी. भिंतीला तळहात लावला. कानाला काहीच कळत नव्हतं, ब्लोअरच्या घरघरीत सगळे आवाज बुडतात. पण तळहाताला कळलं, मग कोपराला, मग खालच्या दाढेला. भिंत मुळापासून गुणगुणत होती. आणि मी उठून इकडे आले त्याच्या जरा आधी माझ्यासमोरच्या स्क्रीनवरची रेघ सपाट होती, इतकी सपाट की शेजारी उभा राहून नवरा म्हणाला होता, "बघ, झोपलेल्या बाळासारखी."

नवरा आणि मी एकाच हॉलमध्ये काम करतो. तो बर्नर बनवतो, मी तो मोजते. त्या दिवशी दुपारी त्याच्या नव्या बर्नरची शेवटची टेस्ट होती आणि सकाळचा हा फेरा म्हणजे रंगीत तालीम. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. भट्टी पूर्ण जोरावर आली की मोजणाऱ्याने माइकवर एकच शब्द म्हणायचा: शांत. मग सगळे टाळ्या वाजवतात, चहा येतो, बर्नर ग्राहकाचा होतो, आणि त्यानंतर त्याच्या पोटात कुणी दाब मोजायचा सेन्सर घालत नाही. मोठे साहेब निवृत्त व्हायला आले होते आणि त्यांची खुर्ची कुणाची, हे त्या टेस्टनंतर ठरणार होतं, म्हणजे नवऱ्याची हे ठरलेलंच होतं, फक्त माझा शब्द बाकी होता. तो शब्द मी आजवर कधी उगाच म्हटलेला नाही. घरात माझं म्हणणं कुणी विचारत नाही, नातेवाइकांत मी फटकळ म्हणून बदनाम, पण त्या माइकवर मी शांत म्हटलं की बाहेर उभा असलेला फिटर कानावरची आवरणं काढतो आणि भट्टीच्या अंगाला निवांत टेकतो. मला दुसरी कमाई नाही.

संडासात चूळ भरली आणि तिथंच उभी राहिले. बर्नर म्हणजे काय, तर वाऱ्यात दिवा टिकवायची युक्ती. वेगाने येणाऱ्या हवेत ज्वाला टिकत नाही, म्हणून प्रवाहात एक लोखंडी पाचर आडवी घालतात आणि तिच्या आडोशाला ज्वाला बसते. पण आडोसा फुकट मिळत नाही. पाचरीच्या धारेवरून हवा वळते, तिचे भोवरे होतात, आणि ते एकामागून एक सुटत राहतात. प्रत्येक भोवरा थोडा न जळलेला गॅस पोटात घेऊन जातो आणि पुढे जाऊन भसकन पेटतो. भट्टीच्या पोकळीचाही स्वतःचा एक सूर असतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की निघतो तसा. भोवरे त्या सुराच्या तालात सुटायला लागले की झालं: सूर भोवऱ्यांना ढकलतो, भोवरे सुराला, आणि दोघं मिळून लोखंड फाडेपर्यंत थांबत नाहीत. हे मला पहिल्यांदा नवऱ्यानेच दाखवलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेचा एक लांब हौद होता, मंद पाणी सोडलेला, मधे काचेची उभी दांडी. याने दांडीच्या एका बाजूला लाल शाई सोडली, दुसऱ्या बाजूला निळी. मागे गेल्यावर लाल वळसा, मग निळा, मग लाल, जणू कुणीतरी बसून वेणी घालतंय. "बघ," हा म्हणाला होता, "कुणी सांगत नाही त्यांना, तरी पाळी चुकवत नाहीत." त्याच्या बोटांना शाई लागली होती आणि मी त्या बोटांवर भाळले. माणूस पाण्याकडे इतक्या प्रेमाने बघू शकतो तर बायकोकडेही बघेल, असा माझा हिशेब. इंजिनियर बाईचा हिशेब.

तर सपाट रेघ कुठून आली? मधल्या भोकातून. भट्टीच्या अंगाला सेन्सर घालायला तीन भोकं आहेत, अलीकडचं, मधलं आणि शेवटचं. मधल्याभोवती पाणी खेळवलेलं आहे म्हणून तिथं सेन्सर टिकतो. टोकांना तो भाजून मरतो. त्यामुळे वर्षानुवर्षं सगळे मधल्या भोकालाच सेन्सर लावतात. मला शिकवणाऱ्यानं लावला, त्याला शिकवणाऱ्यानं लावला. टोकाच्या भोकांच्या टोप्या गंजून बसल्यात. आणि आधीच्या बर्नरना ते चाललंही, कारण तेव्हा भट्टीचं तोंड उघडं असायचं, मधेही हालचाल कळायची. पण याने नव्या बर्नरसाठी भट्टीचं तोंड आवळलं. दोन्हीकडून बंद पोकळीत दाब सी-सॉसारखा हलतो, एक टोक वर तर दुसरं खाली. मधोमध जो बसलाय त्याला वाटतं, खेळ चालू नाहीच आहे. आम्ही नेमके तिथं कान लावून बसलो होतो आणि झोपलेलं बाळ बघत होतो.

बाहेर आले तर नवरा पॅसेजमध्ये कागदी कपातला चहा घेऊन उभा होता. नवा शर्ट, मीच इस्त्री केलेला.

"अरे, शेवटचं भोक उघडून बघायचं का?"

"आता?"

"जेवणाच्या सुट्टीत होईल. फिटर मोकळाच आहे."

"तिथं सेन्सर टिकत नाही, माहितीये तुला."

"जरा वेळ टिकला तरी बास."

"पण कशासाठी?"

"भिंत हलतेय."

"कुठली भिंत?"

"संडासाची."

यावर त्याने हसायला हवं होतं. एरवी तो याच्या निम्म्या गोष्टीवर हसतो. तो हसला नाही, त्याने कपात बघितलं, आणि मला सगळं कळलं.

"तुला माहीत आहे," मी म्हटलं.

"हळू बोल."

"कधीपासून?"

"हे बघ, तोंड आवळलं की स्थिर जागा मधे येणार, हे कुणालाही दिसेल. तुलाही दिसलं असतं. तू बघितलं नाहीस." हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून लागलं. "बर्नर तिकडे बसला की मी स्वतः जाऊन पाचरीच्या धारेला खाचा पाडून देणार आहे. लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या. मग भोवरे एका तालात सुटत नाहीत, विषय संपला. पण आज नको गं. आज साहेब ठरवणारेत."

"आणि तोवर त्याच्याशेजारी उभा राहणारा माणूस?"

"तोवर काही होत नाही."

"कशावरून?"

"तू फक्त तुझा आकडा वाच. आकडा खोटा आहे का?"

"नाही."

"मग? तुला खोटं बोलायला कोण सांगतंय?" असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावरचा धागा उचलला आणि गेला. हा कधी ओरडत नाही. रागावला की जास्त सभ्य होतो. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी मला पहिली गोष्ट ही सांगितली होती, "आमच्या घरात कुणाचा आवाज चढत नाही हो." मला वाटलं, सुटले. माझ्या माहेरी वडील भांडी फेकायचे, आई भिंतीला तोंड करून रडायची, शेजारी येऊन दारात उभे राहायचे. त्यातून उठून मी या घरात आले. इथं सगळे टेबलाभोवती बसतात, मीठ मागताना प्लीज म्हणतात, सासूबाई पोळीचा तुकडा मोडत विचारतात, "दिवस कसा गेला?" आणि ज्याचा त्याचा दिवस बरा गेलेला असतो. मुलगी चौदाची होती तेव्हा तिचाही दिवस रोज बरा जायचा. तिची खोली घराच्या शेवटाला, गॅलरीच्या पलीकडे. एका रविवारी चादर बदलताना तिच्या उशीखाली केसांचे पुंजके सापडले, मुळासकट उपटलेले, रबर बँड लावून नीट ठेवलेले. मी ते हातात धरून बाहेर आले तर नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "पण टेबलावर तर नीट जेवते." सासूबाई म्हणाल्या, "वय असतं एकेक." मुलगी आता माझ्या बहिणीकडे राहते. मावशीकडे भांडणं होतात, दारं आपटतात, मेहुणे चिडून चपला घालून बाहेर जातात आणि भाजी घेऊन परत येतात. तिचे केस आता खांद्याच्या खाली आलेत. फोनवर ती मला विचारते, "तू कशी आहेस?" आणि मी म्हणते, मजेत. मीही त्याच टेबलावर जेवून शिकलेली.

कॅन्टीनमध्ये ग्राहकाचा माणूस माझ्यासमोर येऊन बसला. ज्यांचे पैसे लागणार होते ते सूटवाले नवऱ्याशी आणि साहेबांशी बोलत होते. हा त्यांच्याबरोबर आलेला बॉयलरवाला, जो रोज त्या बर्नरशेजारी उभा राहणार होता. जाडजूड माणूस, भुवया जळून परत आलेल्या, तुटक. बोलताना मान वाकडी करून एक कान पुढे करायचा आणि स्वतः मोठ्याने बोलायचा.

"ताई, मोजता ते तुम्हीच ना?"

"हो."

"एक विचारू? हसायचं नाही. तुमचा हा गातो का?"

"म्हणजे?"

"आमचा जुना गायचा. आधी बरं वाटायचं हो, रेडिओ लावल्यागत. मग भांडीकुंडी हलायला लागली. मग जोडावरचे नट आपापले सुटायचे, आम्ही सकाळ झाली की आवळायचो. आणि एक दिवस दार उडालं ते आमच्या जोडीदाराच्या अंगावर. माझा नुसता कान गेला, मी लांब होतो. त्याला आता बायको भरवते." त्याने वाटीतली आमटी तोंडाला लावून संपवली. "त्या वेळच्या कंपनीचा माणूस पण म्हणाला होता, आकडा बरोबर आहे. असेल बाबा. आकडा काय उडाला नाही."

मी त्याला तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "दुपारी कळेल," आणि ताट उचललं. पलीकडच्या टेबलावरून नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी. त्या मानेचा मला जेवढा संताप आला तेवढा मला आयुष्यात कशाचा आला नसेल, ना वडिलांच्या भांड्यांचा, ना त्या रबर बँडचा. पण संतापाचं आमच्या घरी काय करतात ते मला माहीत होतं. मी ताट नीट ठेवलं, हात धुतले, पुसले.

दुपारी काचेमागे सगळे उभे राहिले. साहेब, सूटवाले, नवरा, बॉयलरवाला, दारात फिटर. ब्लोअर चढले, ज्वाला आधी पिवळी, मग निळी, मग दिसेनाशी झाली, नुसता पाचरीच्या कडांवर जांभळा थर. स्क्रीनवरची रेघ सपाट. मी तिच्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. मी मोजत होते की आजवर मी किती वेळा मधोमध बसून शांत म्हटलंय. सासूबाईंच्या मैत्रिणींसमोर, मुलीच्या शाळेत, डॉक्टरसमोर, आईच्या शेवटच्या आजारात तिच्या कानाशी. त्यातला एकेक शब्द खरा होता. मी बसले होते तिथून खराच होता. खोटं बोलणाऱ्याला निदान माहीत असतं की तो बोलतोय; आम्हाला तेवढाही त्रास नको असतो. आम्ही जागा निवडतो आणि मग प्रामाणिक राहतो. साहेबांनी अंगठा वर केला. मी माइकचं बटण दाबलं.

"मधल्या भोकापाशी शांत."

माझा आवाज हॉलभर घुमला. टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

"नुसतं शांत म्हणा ना, मॅडम," साहेब हसत म्हणाले.

"मधल्या भोकापाशी शांत, साहेब. शेवटचं भोक बंद आहे. माझ्या मते तिथं भट्टी धडधडतेय."

"कशावरून?"

"संडासातल्या बादलीवरून."

आधी फिटर हसला, मग एक सूटवाला फिसकन, मग सगळेच. मी बाकी कुणाकडे बघितलं नाही, फक्त नवऱ्याकडे. तो एक क्षण थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, सगळे हसतायत याची खात्री करून घेतली, आणि मग हसला. पॅसेजमध्ये न हसलेला माणूस इथं दात दाखवून हसला. "आमच्या मॅडमना सगळीकडे भोवरे दिसतात," तो म्हणाला, "वरणातसुद्धा." माणसाला मारहाण केली तर खूण राहते, दाखवता येते. याची खूण कुणाला दाखवू?

बॉयलरवाला हसत नव्हता. कदाचित त्याला नीट ऐकू आलं नसेल. तो सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याने माझ्यापाशी येऊन विचारलं, "कुठाय?" मी हात केला. तो हॉलच्या कडेकडेने चालत गेला, बायकांची पाटी वाचून थोडा थबकला, दारावर टकटक केली, आणि आत शिरला. हसणं हळूहळू ओसरलं. एवढा वेळ बायकांच्या संडासात पुरुषमाणूस आहे आणि बाहेर सगळे मोठे लोक उभे राहून वाट बघतायत, हे चित्र मला पुढे अनेकदा आठवणार आहे आणि तरीही त्याचं मला हसू येणार नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर चुन्याचा पांढरा डाग होता. त्याने तळहात लावला नव्हता, डोकं टेकलं होतं. "गातोय," तो म्हणाला, त्याच्या त्या मोठ्या आवाजात, आणि मग सूटवाल्यांकडे बघून, "मी याच्याशेजारी उभा राहणार नाही. दुसरा कुणी शोधा."

साहेबांनी भट्टी बंद करायला लावली. ब्लोअर उतरत गेले आणि हॉलमध्ये खरीखुरी शांतता आली. तिच्यात लोखंड थंड होताना टकटक वाजत होतं. साहेब आता हसत नव्हते. म्हातारा माणूस, पण मूर्ख नाही. तोंड आवळलेल्या भट्टीचा आराखडा त्यांच्या मनात उलगडत असलेला मला चेहऱ्यावर दिसत होता. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नाही साहेब. मधल्या भोकालाच मोजतो ना आपण, नेहमीचंच आहे." मग किंचित थांबून, अतिशय सभ्यपणे, "आणि मोजमाप मॅडमचं."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, याला माहीत होतं?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते आणि नवरा तर इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच खरोखर माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत धमकी नव्हती. धमकी असती तर सोपं गेलं असतं. विश्वास होता. मी सांभाळून घेईन, नेहमीसारखी, असा पक्का, आळशी, वर्षानुवर्षं फुकट पोसलेला विश्वास. नाही म्हटलं असतं तर तो चुकलेला इंजिनियर ठरला असता, मी चुकलेली मोजणारीण; दोघांनी मान खाली घालून गाडीत बसायचं, घरी सासूबाईंनी विचारायचं दिवस कसा गेला, आणि खुर्ची आज नाही तर वर्षाने याची. हो म्हटलं तर आज रात्री कुठल्या खोलीत झोपायचं हेसुद्धा ठरवावं लागलं असतं. मला भीती वाटली. उगाच शूरपणाच्या गोष्टी कशाला सांगू, मी टेबलाची कड धरली होती.

"होतं," मी म्हटलं. "आज सकाळी त्यानेच मला सांगितलं."

 साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि फिटरला म्हणाले, "शेवटच्या भोकाची टोपी काढ. गंजली असेल तर काप. मग पुन्हा पेटवू." नवऱ्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, ठेवायला जागा शोधली, आणि माझ्या खुर्चीवर ठेवलं. हॉलमधून बाहेर जाताना दार त्याने हळूच लोटलं, आवाज होऊ न देता. हेल्मेटच्या आतली पट्टी घामाने ओली होती. फिटरने करवत लावली आणि गंजलेलं लोखंड किंचाळायला लागलं. मी हेल्मेट उचलून जमिनीवर ठेवलं आणि खुर्चीत बसले. सेन्सर फार वेळ टिकणार नव्हता, आणि तो भाजून मरायच्या आत मोजून घ्यायचं होतं.